प्रोप्रॅनोलॉल ४० एलए, हाताच्या थरथरीसाठी: चार स्टार, पण घेण्याआधी हे वाचा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. हाताच्या थरथरीसाठी मी ही गोळी रोज सकाळी नाश्ता झाल्यावर एक अशी घेतो आणि पाचापैकी चार स्टार देतो. एक स्टार कापलाय तो थोडा साइड इफेक्टसाठी आणि बराचसा आपल्याकडे ही गोळी ज्या पद्धतीने काउंटरवरून हातात पडते त्यासाठी. गोळी चांगली आहे, जुनी आहे, स्वस्त आहे, पण ही कुणीही कुणालाही सुचवावी अशी गोळी अजिबात नाही आणि तेच नीट सांगायला हे एवढं लांबलचक टाइप करतोय.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, ब्लड कलेक्शन करतो. म्हणजे दिवसभर लोकांचे हात धरायचे, पट्टा बांधायचा, नस बघायची आणि सुई घालायची. आणि हात थरथरतात. वडिलांचे थरथरायचे, आत्याचे थरथरतात, आमच्याकडे हे घराण्यातच आहे. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर निवांत ठेवला की काही नाही, पण काही करायला गेलं, कप उचलला, सही केली, सुई धरली की थरथर सुरू. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं, तिथे हात निवांत असताना हलतो. हा फरक लोकांना माहीत नसतो त्यामुळे थरथर दिसली की एकतर "पार्किन्सन झालाय का" नाहीतर "रात्री जास्त झाली का". वडील आयुष्यात कधी प्यायले नाहीत, पण लग्नकार्यात बशीत चहा सांडला की लोक ज्या नजरेने बघायचे ते मी लहानपणापासून बघितलंय. आणि माझ्या कामात तर पेशंट सरळ माझ्या हाताकडेच बघत असतो. सुई नसेत गेली की हात स्थिर लागतो, नाहीतर टोक आत हलतं आणि पेशंटला ते लागतं, कधी नस फुटून निळं पडतं. ईडीटीए बल्बवर, म्हणजे रक्त भरायच्या छोट्या नळीवर, नाव लिहायचं तर अक्षर असं यायचं की काउंटरवरची ताई विचारायची पाटील आहे का पाटोळे.

शेवटी न्यूरोला, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांनी कागदावर शंखासारखा गोल गोल काढायला लावला, एकदा उजव्या हाताने एकदा डाव्या, रेषेला लाटा आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. मग एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घेतली कारण थायरॉइड वाढला तरी हात थरथरतात. सध्या कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं कारण दम्याच्या सालब्युटामॉलने आणि फिटच्या व्हॅल्प्रोएटने पण थरथर येते. आणि मग जे प्रश्न विचारले ते मला पाठ झालेत, "दमा आहे का? लहानपणी होता का? पावसाळ्यात छातीत शिट्टी वाजते का? शुगर आहे का? कधी चक्कर येऊन पडलात का?" नाडी मोजली, बीपी घेतलं, ईसीजी काढला, मगच गोळी लिहिली. चांगल्या डॉक्टरची खूण माझ्या मते हीच, बीटा ब्लॉकर (ही गोळी त्याच गटातली) लिहिण्याआधी दम्याचं विचारतो आणि नाडीला हात लावतो.

सुरुवात साध्या १० एमजीच्या गोळीने झाली, मग हळूहळू वाढवत एलएवर आणलं. साधी गोळी तासा-दीड तासात जाणवते आणि काही तासांत उतरते, एलए म्हणजे हळूहळू सुटणारी, दिवसभर पुरते. आता फरक किती? थरथर गेली का, तर नाही, आणि जाणारही नाही, ही गोळी आजार बरा करत नाही. साधारण निम्म्याहून जास्त लोकांना फायदा होतो आणि ज्यांना होतो त्यांची थरथर अंदाजे अर्ध्यावर येते असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि माझ्या बाबतीत तसंच झालं. पण अर्धी म्हणजे काय ते ज्याला आहे त्यालाच कळेल. सुई नसेत गेल्यावर आता ती हलत नाही. बल्बवरचं नाव वाचता येतं. बँकेत सही जुळते. कप बशीसकट उचलतो. मान किंवा आवाज थरथरत असेल तर मात्र या गोळीचा उपयोग हातापेक्षा कमी होतो, आत्याची मान हलते म्हणून हे आम्ही मुद्दाम विचारून घेतलं होतं.

ही काम कशी करते तर आपल्या अंगात ॲड्रेनॅलिन सुटलं की ते ठिकठिकाणच्या बीटा रिसेप्टर नावाच्या जागांवर जाऊन बसतं. बीटा-१ मुख्यतः हृदयात, तिथे बसलं की ठोके वाढतात. बीटा-२ फुप्फुसाच्या नळ्यांत, रक्तवाहिन्यांत, स्नायूंत. बीटा ब्लॉकर आधीच ती जागा अडवून बसतो, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ह्या गोळ्या जास्त करून बीटा-१ अडवतात, म्हणून हृदयासाठी त्या बऱ्या. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवते, आणि थरथरीला स्नायूंमधला बीटा-२ महत्त्वाचा असल्यामुळे थरथरीवर हीच जास्त चालते, पण दम्यावाल्याला सगळ्यात जास्त धोका पण हिचाच, कारण बीटा-२ अडला की श्वासनळ्या आवळतात. म्हणजे जिथून फायदा तिथूनच धोका. आणि "मला पण बीटा ब्लॉकर चालू आहे, तीच घे" हे म्हणणं चूक का आहे ते इथे कळतं, नावात शेवटी लॉल आहे म्हणून सगळ्या सारख्या नाहीत.

हिचा इतिहास मला फार आवडतो. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक, आयसीआय कंपनीत संशोधन करायचे. त्या काळात छातीत दुखतंय म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय, तर रक्त वाढवा असा सगळा विचार होता. ब्लॅकनी उलटा विचार केला की पुरवठा वाढत नसेल तर हृदयाची मागणीच कमी करू, ठोके शांत केले की ऑक्सिजन कमी लागेल. पहिलं औषध प्रोनेथॅलॉल निघालं पण उंदरांमध्ये गाठी दिसल्या म्हणून ते सोडून दिलं आणि १९६० च्या दशकाच्या मध्याला प्रोप्रॅनोलॉल बाजारात आलं. १९८८ ला ब्लॅकना नोबेल मिळालं. आज ती गोळी मिरजेत एका लॅबवाल्याच्या खिशात आहे, विचार करा.

आणि नंतर हिचे उपयोग कुठे कुठे निघाले बघा. मायग्रेन वारंवार येत असेल तर तो येऊच नये म्हणून रोज देतात, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची ही गोळी नाही, हे खूप जण चुकतात. थायरॉइड खूप वाढलेला असला, आमच्याकडे टीएसएच अगदी ०.०१ आलेले पेशंट येतात (थायरॉइड वाढला की हा आकडा खाली जातो), धडधड, घाम, हात थरथर, त्यांना मूळ औषध लागू पडेपर्यंत आराम म्हणून हीच. लिव्हर सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, ती होऊ नये म्हणूनही प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे २००८ साली फ्रान्समध्ये बोर्डोच्या डॉक्टरांनी वेगळ्याच कारणासाठी लहान बाळाला ही दिली तर त्याच्या चेहऱ्यावरची लाल गाठ मावळायला लागली, आता बाळांच्या त्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर हेच मुख्य औषध आहे. कुणी शोधायला गेलं नव्हतं, बघणाऱ्याचं लक्ष होतं म्हणून सापडलं.

हृदयाचं तर विचारूच नका. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे पंप कमजोर झाल्यावर, बीटा ब्लॉकर द्यायचा नाही असं पूर्वी डॉक्टरांना शिकवलं जायचं, आधीच कमजोर हृदयाला अजून मंद कशाला करायचं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७५ साली काही डॉक्टरांनी उलटं करून दाखवलं, फार कुणी मानलं नाही, आणि १९९९ ला मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि बिसोप्रोलॉलच्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आज पंप कमजोर असेल तर ह्या गोळ्या मुख्य औषधांत आहेत, फक्त अगदी छोट्या डोसने, पेशंट स्थिर असताना, हळूहळू वाढवत. अंगावर सूज, धाप चालू असताना सुरू करायची नाही.

नुसत्या बीपीसाठी मात्र आता बीटा ब्लॉकर ही पहिली निवड नाही. २००६ ला ब्रिटनच्या गाइडलाइनने पहिल्या पसंतीतून काढलं कारण पक्षाघात टाळण्यात बाकीच्या गोळ्या सरस ठरल्या. पण म्हणून वर्षानुवर्षं ॲटेनोलॉल घेणाऱ्या आजोबांची गोळी घरच्यांनी परस्पर बंद करायची नाही, त्यांना ती अजून कशासाठी असेल आपल्याला काय माहीत. हार्ट अटॅकनंतर पंप चांगला असलेल्यांना ही आयुष्यभर लागते का, हाही प्रश्न आता उभा राहिलाय, २०२४ ला एका अभ्यासात अशा पेशंटना सुरू करून खास फायदा दिसला नाही, पण त्याच वर्षी फ्रान्सच्या अभ्यासात आधीपासून चालू असलेली बंद केली तर तेही सुरक्षित ठरलं नाही, बंद केलेल्यांची नाडी आणि बीपी दोन्ही वाढलं. तेव्हा हे कार्डिओलॉजिस्टसमोर बसून ठरवायचं, व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून नाही.

आता माझे साइड इफेक्ट. बोटं गार पडतात. आमची फास्टिंगची गर्दी सकाळी सातला सुरू होते आणि थंडीत पेशंट म्हणतात अहो किती गार हात, मग मी हात चोळून घेतो, ग्लोव्ह्ज घालतो. स्वप्नं खूप पडायला लागली, अगदी स्पष्ट, रंगीत, कधी घाबरवणारी, आणि हे हिचं ओळखीचं आहे कारण ही गोळी मेंदूत सहज शिरते. ॲटेनोलॉल त्या मानाने कमी शिरते. नैराश्य येतं असं पूर्वीपासून बोललं जातं पण २०२१ च्या मोठ्या आढाव्यात तसा संबंध दिसला नाही, झोपेचा आणि स्वप्नांचा त्रास मात्र दिसला. दोन जिने भरभर चढलो तर पाय जड होतात, नाडी वर जातच नाही. व्यायाम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, घड्याळातला हार्ट रेट बघून जोर लावत असाल तर ह्या गोळीवर तो आकडा कामाचा नाही, बोलता बोलता धाप लागते का तेवढं बघा. नाडी माझी आता ५८-६० असते, डॉक्टर म्हणाले ५० च्या खाली गेली किंवा उभं राहिल्यावर गरगरलं तर फोन करा. काही पुरुषांना लैंगिक तक्रार होते, लाजून गप्प बसतात आणि परस्पर गोळी सोडतात, तसं करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते.

आणि सोडण्याचंच तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ही गोळी एकदम बंद करायची नाही. गोळी चालू असताना शरीर रिसेप्टर वाढवून ठेवतं, आणि गोळी अचानक थांबली की ते सगळे रिसेप्टर एकदम मोकळे, त्यावर ॲड्रेनॅलिन जाऊन बसतं, नाडी उसळते, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याला छातीत दुखणं, अटॅकसुद्धा येऊ शकतो. अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर हा इशारा चौकटीत छापतात. बंद करायचीच असेल तर डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांत डोस कमी करत करत थांबवतात. आणि आपल्याकडे सोडतात कशी माणसं? वारीला गेले, गोळ्या घरी राहिल्या. गावाकडे सप्ताह होता, स्ट्रिप संपली, आल्यावर बघू. बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद. लॅबमध्ये हे रोज ऐकतो आणि जीव तुटतो खरंच. एक जादा स्ट्रिप प्रवासाच्या बॅगेत कायम ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगतो. इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असाल आणि साखर खाली गेली तर एरवी धडधड होते, हात थरथरतात, आपण लगेच गूळ-साखर तोंडात टाकतो. बीटा ब्लॉकरवर ती धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र सुटतो, तो दबत नाही. म्हणून एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी उपवास धरणाऱ्या मावशी-काकूंना मी एवढंच सांगतो की विनाकारण घाम फुटला तर आधी बोट टोचून शुगर बघा, धडधडीची वाट बघू नका. आणि खरं तर इन्सुलिन चालू असताना उपवास डॉक्टरांना विचारूनच.

डोळ्यातले ड्रॉप पण विसरू नका. काचबिंदूला टिमोलॉल देतात, तोही बीटा ब्लॉकरच, आणि डोळ्यातून नाकात, नाकातून रक्तात जातो. दमा असलेल्या माणसाला दोन थेंबांनीही धाप लागू शकते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही कारण डोळ्याचं औषध छातीला लागेल असं कुणाला वाटतं? ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरा, रक्तात कमी जातं. आणि छातीच्या डॉक्टरकडे गेलात तर ड्रॉपची बाटली पण घेऊन जा.

व्हेरापॅमिल किंवा डिल्टिआझेम चालू असेल तर दोन्ही मिळून ठोके फार मंद होऊ शकतात, डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन असेल तर भुलीच्या डॉक्टरांना सांगा, स्वतःच बंद करून जाऊ नका. तीव्र ॲलर्जीचे झटके येत असतील तरी सांगा कारण त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात आणि ते ह्या गोळीवर कमी लागू पडतं. दिवस गेले असतील किंवा राहायचे असतील तर पण, बीपीसाठी तेव्हा लॅबेटॅलॉल वापरतात, ॲटेनोलॉल टाळतात.

आता तो कापलेला स्टार. एका मेडिकलमध्ये मी उभा असताना एक पोरगा आला, बावीस-तेवीसचा, इंटरव्ह्यू होता वाटतं, म्हणाला ती धडधड थांबायची गोळी द्या, मित्राने सांगितलंय. काउंटरवरच्या माणसाने स्ट्रिप काढली, कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी नाही, दम्याचा प्रश्न नाही, काही नाही. शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध आहे हे, स्ट्रिपवर आरएक्स छापलेलं असतं, आणि कापताना नाव, एमजी, एक्स्पायरी सगळं दुसऱ्या तुकड्यावर राहिलं. मी त्याला बाहेर गाठून विचारलं, बाळा दमा आहे का तुला, तर म्हणाला दम्याचा पंप आहे, थंडीत घेतो. मी हात जोडून सांगितलं नको घेऊ, आणि त्याने ऐकलं. पण मी तिथे नसतो तर?

स्टेजच्या भीतीवर ही चालते हे खोटं नाही. लंडनमध्ये १९७७ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्या कलाकारांवर ऑक्सप्रेनोलॉल ह्या बीटा ब्लॉकरचा अभ्यास झाला, थरथर कमी होऊन वादन सुधारलं. मिरज तर सतारी-तंबोऱ्यांचं गाव, इथे गाणारे-वाजवणारे मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं, डॉक्टरकडे जा, ईसीजी काढा, त्यांनी लिहिली तर कार्यक्रमाच्या दिवशी नाही, आधी एखाद्या रिकाम्या दिवशी घरी घेऊन बघा. मनातली काळजी ती घालवत नाही, फक्त छातीतली धडधड आणि हात शांत करते. आणि नेमबाजी किंवा तिरंदाजी करणाऱ्या पोरांनी हिला हातही लावू नका, खेळातल्या उत्तेजकांवर बंदी घालणाऱ्या वाडा या संस्थेच्या यादीत या दोन खेळांना बीटा ब्लॉकर कायमच बंद आहेत, स्पर्धा असो वा नसो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलमुळेच काढून घेतली. आमच्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात रेंजवर कितीतरी लहान पोरं घाम गाळतात, त्यांच्या आईवडिलांना हे माहीत हवं. खरंच आजारासाठी लागत असेल तर त्याची परवानगी आधी रीतसर मागावी लागते.

अजून एक, आमच्याच घरी झालेलं. एका दुकानात एलए संपली म्हणून "तीच आहे हो" म्हणत साधी ४० दिली. कंटेंट तेच, एमजी तेच, पण साधी सगळी एकदम सुटते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. स्ट्रिपवर एलए, टीआर, एसआर, एक्सएल ह्यापैकी काय लिहिलंय ते चिठ्ठीशी ताडून बघा. ह्या हळू सुटणाऱ्या गोळ्या चावायच्या-कुटायच्या नाहीत, आजीला गिळत नाही म्हणून खलात कुटून देतात काही घरांत, तसं केलं की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. मधे रेघ असेल तर अर्धी करता येते का ते विचारून घ्या. आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. जास्त प्रमाणात पोटात गेली तर ही फार धोकादायक आहे, नाडी बसते, बीपी कोसळते, झटके येतात, तेही लवकर. कुणी चुकून किंवा मुद्दाम जास्त घेतली असं कळलं की त्रास होतोय का बघत बसायचं नाही, स्ट्रिप घेऊन सरळ कॅज्युअल्टी.

खर्चाचं म्हणाल तर शे-दोनशे रुपयांत माझा महिना निघतो, जेनेरिक घेतली तर अजून कमी. एवढ्या पैशात हात परत कामाला लागले म्हणून चार स्टार मनापासून.

दमा असल्यामुळे आत्याला ही मिळालीच नाही. तिला प्रिमिडोन दिलंय, ते मूळचं फिटचं औषध पण थरथरीवर चालतं. पहिल्या काही डोसला गरगरतं आणि झोप येते, म्हणून रात्री गोळीच्या अगदी छोट्या तुकड्यापासून सुरू केलं. तिची भाकरी आता परत गोल होते, मान मात्र अजून हलते. घरात असं कुणाला असेल आणि छातीची तक्रार असेल तर न्यूरोला ह्याबद्दल विचारा.